वरची पडीक जागा

वाहने एकावर एक रचून ठेवणारे यंत्र व्यवहार्य असते की नसते, हा प्रश्न मला आयुष्यात दोनदा विचारला गेला. दुसऱ्यांदा तो माझ्या पुतणीने विचारला. ती बावधनला राहते. तिच्या इमारतीत मोटारींसाठी लोखंडी मनोरा उभारण्याचा बेत आहे. बटण दाबले की मोटार वर जाते, पुन्हा दाबले की खाली येते. सभासदांत दोन तट पडले आहेत. "काका, तुम्ही गणिताचे मास्तर. तुम्हीच सांगा, हे चालेल का?" असे ती म्हणाली. दोन दिवसांत सांगतो, असे मी म्हणालो. त्याला आता तीन आठवडे झाले.

पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि उत्तर एका दिवसात लिहून दिले होते. ते उत्तर बरोबर होते. पण ते ज्यांच्या यंत्राविषयी होते त्या रहिमानभाईंना वगळून मला या प्रश्नाकडे पाहता येत नाही. म्हणून आधी त्यांच्याविषयी लिहितो.

पुण्याहून मुळशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर भरे गावाचा फाटा निघतो. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस त्या भागात मी शाळामास्तर होतो. बस फक्त मोठ्या रस्त्याने जाई. आतल्या गावांची माणसे पहाटे सायकलीने थांब्यावर येत, सायकल तिथे सोडत, सातच्या बसने पुण्याला कामावर जात आणि संध्याकाळच्या बसने परतत. थांब्यालगत रहिमानभाईंचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. दुकान म्हणजे आठ हात लांब आणि पाच हात रुंद एक पत्र्याची खोली.

माझी त्यांची ओळख पंक्चरमुळे झाली. सकाळी सायकल टाकून गेलो आणि दुपारी शाळा सुटल्यावर घ्यायला आलो. दुकानात सायकल दिसेना. जमिनीवर काहीच नव्हते. म्हणजे अक्षरशः काहीच. झाडलेली, शेणाने सारवलेली जमीन आणि मध्ये एक लाकडी ठोकळा, त्यावर बसलेले रहिमानभाई.

"माझी सायकल कुठे आहे?"

"वर बघा की, मास्तर."

मी वर पाहिले. आढ्याला चार सायकली टांगलेल्या होत्या. त्यांतली तिसरी माझी. तिच्या आसपास टायर, ट्यूब, पाने, पंप, एक कंदील, चहाचे दोन कप, गुंडाळलेले अंथरूण आणि एक खुर्ची असे सगळे खिळ्यांना, तारांना आणि कप्प्यांना लटकत होते. त्यांनी एक दोर सैल सोडला आणि माझी सायकल सावकाश खाली उतरून माझ्यासमोर उभी राहिली. मग खुर्ची उतरली. मी बसलो. मग कप उतरले.

"जमीन मोकळी ठेवता," मी म्हणालो.

"आडवं पडायचा हक फकस्त मानसाला, मास्तर. त्यो बी झोपताना. बाकी समद्यानी उभं ऱ्हायचं न्हाईतर वर जायचं." मग बोट छताकडे करून म्हणाले, "वर लई पडीक हाय."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढे किती वेळा ऐकले याची मोजदाद नाही. कोणी जागेची तक्रार केली की ते आभाळाकडे बोट करीत. शाळेत नकाशे ठेवायला कपाट नाही म्हणून मी कुरकुरलो, तर दुसऱ्याच दिवशी येऊन त्यांनी वर्गाच्या तुळईला सहा नकाशे असे टांगले की दोरी ओढताच हवा तो नकाशा खाली यावा. मुले त्या दिवशी भूगोल शिकली नाहीत. नुसती दोऱ्या ओढत होती.

त्यांच्या कमरेला नेहमी एक सुती दोरी असे. तिला वितीवितीवर गाठ मारलेली होती. नवी वस्तू दिसली की ते आधी ती दोरीने मोजत. पण लांबी-रुंदी मोजत नसत, फक्त उंची. माणूस चाळिशी उलटलेला, सडपातळ, खांदे मात्र रुंद. तरुणपणी अनेक वर्षे त्यांनी धरणाचे दरवाजे उचलणाऱ्या साखळ्यांना ग्रीस लावण्याचे काम केले होते. हातभर जाडीच्या लोखंडाला साखळी आणि दातेरी चाक कसे हलवतात, हे ते तिथे शिकले. त्या धरणाच्या पाण्याखाली त्यांच्या वडिलांची जमीन होती. हे दोन्ही ते एकाच सुरात सांगत.

एका मे महिन्यात तलावाचे पाणी फार खाली गेले तेव्हा ते मला तिकडे घेऊन गेले. निघताना त्यांनी सोनाबाईंनाही विचारले. सोनाबाई त्याच बुडालेल्या गावात नांदायला गेलेल्या. आता विधवा होत्या, आणि रहिमानभाईंच्या दुकानाला लागून असलेल्या दोन गुंठ्यांच्या तुकड्यात मेथी आणि कांद्याची पात काढून थांब्यावर विकत. तेवढीच त्यांची जमीन.

"आक्का, चल की. पाणी उतरलंय. तुजा उंबरा दिसतोय म्हनं."

"मला न्हाई बघायचा. चिखलात काय बघायचं? तू जा आन तुजी दोरी भिजवून ये."

आम्ही दोघेच गेलो. भेगाळलेल्या गाळात दगडांच्या रांगा होत्या. त्यांनी एक चपटा दगड ओळखला, कमरेची दोरी सोडली आणि मोजायला लागले. त्या दिवशी मात्र आडवे मोजत होते. "हितं दार. हितं चूल. हितं बैल." गाठी मोजून झाल्यावर दोरीचा गाळ झटकला आणि ती पुन्हा कमरेला बांधली. परतताना ते गाळातून पुढे चालत होते. मग म्हणाले, "आडवी जमीन कुनी बी उचलून नेतंय, मास्तर. वरची कशी न्यायची?"

त्यांच्या टांगण्यामागचे कारण मला त्या दिवशी समजले.

शाळेला कोणीतरी जुनी इंग्रजी सचित्र मासिके दिली होती. त्यांतल्या एकात परदेशातल्या एका शहराचे छायाचित्र होते: उंच, भिंती नसलेली इमारत आणि तिच्या कप्प्याकप्प्यांत मोटारी. खालच्या मजकुराचा अर्थ असा की, माणूस गाडी दाराशी सोडतो, यंत्र ती उचलून रिकाम्या कप्प्यात ठेवते आणि परत आल्यावर काढून देते. मी ते पान दुकानात नेले. सोनाबाई पायरीवर मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. रहिमानभाईंनी चित्र उजेडात धरले, दोरीने मोजले आणि हसले.

"बघ आक्का, गोऱ्यास्नी बी कळलं. वर पडीक हाय."

सोनाबाईंनी मान वळवून पाहिले. "आन समदी मानसं एकदमच गाड्या मागाय आली तं रं?"

"येऊ दे की. लायनीत उभी ऱ्हातील."

"गोरी ऱ्हातील. भऱ्याची मानसं आन लायनीत?" असे म्हणून त्यांनी जुडीला गाठ मारली.

आम्ही तिघेही हसलो. वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण ते आमच्यापैकी कोणीच ठेवले नाही.

पुढच्या वर्षी थांब्यावरच्या सायकली चाळिशीच्या घरात गेल्या. रस्त्यात आडव्यातिडव्या पडत. बसला वळता येईना. पंचायतीने ठरवले की सायकलतळासाठी जागा घ्यायची. थांब्यालगत मोकळी जागा एकच होती, ती म्हणजे सोनाबाईंचे दोन गुंठे. बातमी आली त्या दिवशी सोनाबाई नेहमीप्रमाणे पाणी घालत होत्या. रहिमानभाई पंचायतीत गेले आणि उभ्यानेच बोलले.

"दोन सायकली मावत्यात तेवढ्या जागंत मी बारा ठिवून दावतो. अशे चार केले की तुमचं काम झालं. मग आक्काचं वावर कशाला पायजे?"

सरपंच मिस्कील होते. "रहिमानभाई, सायकली आभाळात ठिवल्या तर राखन घारी करनार व्हय?"

"घारी न्हाई, मी करतो. दोन म्हयने द्या."

पंचायतीने दोन महिने दिले. यंत्र तयार झाल्यावर एक दिवस त्याची परीक्षा घ्यायची आणि मोजणी मी करायची, असेही ठरले. यात माझी निवड होण्याचे कारण सरळ होते: गावात सेकंदकाट्याचे घड्याळ फक्त माझ्याकडे होते.

यंत्राची रचना सोपी होती. जत्रेतला रहाटपाळणा उभा दाबून चपटा केला तर जे होईल तसे ते दिसे. बाभळीचे चार खांब, शाळेच्या कौलांपेक्षा उंच. वर-खाली दातेरी चाके, मोडीत निघालेल्या उसाच्या चरकांची. त्यांवरून फिरणाऱ्या दोन साखळ्या, आणि साखळ्यांच्या मधे बारा फळ्या, प्रत्येक फळीवर एक सायकल. बाजूचा दांडा फिरवला की फळ्या एका बाजूने वर चढत आणि दुसऱ्या बाजूने उतरत. हवी ती जमिनीशी आली की थांबायचे. चाक मागे फिरू नये म्हणून दात्यात अडकणारी लोखंडी जीभ होती. पुढे धावू नये म्हणून मात्र रहिमानभाईंचा हात होता.

मी याबद्दल विचारले. ते म्हणाले, "वजन दोन्ही अंगाला सारखं ठिवलं तं चाक धावत न्हाई. पाळनेवाला काय करतो? एक गिऱ्हाईक हिकडं, दुसरं समोर. तसंच." हे तर्काला धरून होते. मी वहीत तसे लिहिले.

परीक्षेच्या दिवशी सकाळी साडेसहापासून माणसे येऊ लागली. पहिल्या पाच सायकली सुट्या सुट्या आल्या. रहिमानभाईंनी त्या समोरासमोरच्या फळ्यांवर वाटून लावल्या. प्रत्येकीस सरासरी एक मिनिट लागले. सरपंच मान डोलावत होते. सोनाबाई आपल्या वाफ्यात उभ्या होत्या. त्यांच्या हातात खुरपे होते, पण त्या खुरपत नव्हत्या.

मग भऱ्याची सात माणसे आली. भऱ्याची माणसे नेहमी एकत्र येत आणि एकत्र जात. वाटेत ओढा आहे, शिवाय गप्पा आहेत. पुढे ज्ञानू होता, एका कारखान्यातला फिटर, आवाजाने मोठा. रहिमानभाईंनी त्याची सायकल एका बाजूला लावली आणि पुढचीसाठी दांडा फिरवू लागले.

"कुटं निगाली ती?" ज्ञानू म्हणाला.

"समोर लावतो, ज्ञानूबा. तोल ऱ्हातो."

"तोल तुजा तू बग. आमची सातबी एका रांगंत लाव. सांजंला एकेकाची हुडकत बसायचं न्हाई. सात सोबत आलो, सात सोबत जानार."

"पन ज्ञानूबा, आधीच्या बी हलवाव्या लागतील..."

"हलव की मग. आरं, हायत बाराच. काय रेल्वे हाय का काय?"

लोक हसले. बसचा भोंगा ऐकू आला. पंच पाहत होते. रहिमानभाईंनी एकदा सोनाबाईंच्या वाफ्याकडे पाहिले, मग पहिल्या पाच सायकली एका अंगाला सरकवल्या आणि भऱ्याच्या सातही ओळीने लावून दिल्या. यंत्र पूर्ण भरलेले असल्यामुळे तोल बिघडला नाही. मी हे सर्व पाहिले आणि वहीत लिहिले: "सात, सलग." मी कोणाला थांबवले नाही. मोजणाऱ्याने मधे पडू नये, असे मला शिकवलेले होते.

संध्याकाळी बस आली. बाराही माणसे त्याच बसने आली, पण दुसऱ्या गावांचे पाच जण भाजी घ्यायला रेंगाळले आणि भऱ्याची सात थेट यंत्रापाशी उभी राहिली. मी घड्याळ काढले. पहिली सायकल निघाली, दुसरी निघाली. तिसरीच्या वेळी दांडा फिरवताना रहिमानभाईंनी श्वास रोखलेला मला दिसला. चौथीनंतर ते थांबले.

"ज्ञानूबा, त्या पाच जनांतली दोन येऊ द्या. एक अंग हलकं झालंय."

"ती वांगी निवडत्यात. आमी उभं ऱ्हायचं व्हय? सकाळी काय बोलला व्हतास? येईल त्याला, येईल तवा."

सकाळी पंचांसमोर ते खरोखरच तसे बोलले होते, येईल त्याला लगेच सायकल काढून देतो म्हणून. सरपंच जवळ आले. "काय रहिमानभाई, अडलं का?"

"न्हाई, अडलं न्हाई," रहिमानभाई म्हणाले आणि त्यांनी दांडा फिरवला. पाचवी निघाली. सहावीसाठी फळी वर सरकली तेव्हा जड बाजू माथ्यावरून पलीकडे झुकली. साखळी धावली. त्यांनी दांडा सोडायला हवा होता. वर सायकली होत्या, खाली माणसे होती, त्यांनी तो सोडला नाही. दांडा त्यांचा उजवा हात घेऊन वर गेला. यंत्र दोनदा डुलले आणि जड बाजू खाली येऊन थांबले. फळीवर उरलेली ज्ञानूची सायकल पडून तिचे पुढचे चाक वाकले. बाकी कोणाला इजा झाली नाही.

सोनाबाई खुरपे टाकून धावल्या. ज्ञानू सायकल उचलायला वाकला होता, तो तसाच राहिला. मग त्यानेच रहिमानभाईंना दुसऱ्या बाजूने धरले. खांदा निखळला होता. मी घड्याळात पाहिले. सवय म्हणून पाहिले.

दुसऱ्या दिवशी पंचायतीने मला लेखी मत मागितले: हे यंत्र व्यवहार्य आहे किंवा कसे? मी दोन परिच्छेद लिहिले. वाहने एकेक येत-जात असतील तर यंत्र जागा वाचवते आणि वेळही फार घेत नाही. सर्व वाहने एकाच वेळी परत मागितली जात असतील तर शेवटच्या माणसाला खोळंबावे लागते आणि तोलही राखता येत नाही. आपल्या थांब्यावर माणसे एकाच बसने येतात. सबब अव्यवहार्य. खाली सही केली. त्यात एकही शब्द चूक नव्हता. आजही सापडत नाही.

जागा रीतसर घेतली गेली. सोनाबाईंनी उभी मेथी दोन दिवसांत उपटून थांब्यावर विकली. तिसऱ्या दिवशी तिथे मुरूम पडला.

पंधरवड्याने रहिमानभाई शाळेत आले. हाडवैद्याने खांदा बांधलेला होता. त्यांना वाचता येत असे, तरी माझे मत त्यांनी माझ्याकडूनच वाचून घेतले. मी वाचले, ते उभे राहून ऐकत होते. वर तुळईला त्यांनीच टांगलेले नकाशे होते.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "ह्यात खोटं काय बी न्हाई." मग म्हणाले, "एक इचारू का, मास्तर? बस किती वर्सं हितंच थांबनार, त्ये मोजलं व्हतं का?"

"ते मला विचारलेले नव्हते."

"व्हय," ते म्हणाले. "इचारलं न्हवतं."

आणि डाव्या हाताने नमस्कार करून गेले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला उत्तर देता आले असते, असे नंतर अनेकदा वाटले. त्या क्षणी मला काय वाटले हे मात्र आठवत नाही. बहुधा काही वाटले नाही. मी फळा पुसला आणि पुढचा तास घेतला.

दोन वर्षांनी भऱ्यापर्यंत रस्ता झाला आणि बस थेट गावात जाऊ लागली. मग आणखी एका गावात जाऊ लागली. थांब्यावर सायकल सोडण्याचे कारण उरले नाही. तळावर आधी वीस, मग दहा, मग बोटांवर मोजण्याइतक्या सायकली दिसू लागल्या. कोणी कोणाला फसवले नव्हते. पंचायतीने गरज पाहून जागा घेतली होती, मी प्रश्न पाहून उत्तर दिले होते.

त्याच सुमारास माझी बदली सूसला झाली. जाण्याच्या दिवशी सामान बसच्या टपावर चढत होते, तेवढ्यात मी दुकानात डोकावलो. रहिमानभाई नव्हते. छत रिकामे होते. खिळे होते, तारा होत्या, कप्प्या होत्या. त्यांना काही टांगलेले नव्हते. सगळ्या वस्तू जमिनीवर होत्या: पाने, पंप, टायर, कप, अंथरूण. पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, हे मला ऐकून माहीत होते. त्याचा असा अर्थ होतो हे माहीत नव्हते.

बस सुटली आणि तळाजवळून वळली तेव्हा ते दिसले. दुकानात न मावलेल्या रिमा आणि ट्यूब त्यांनी तळाच्या मुरमावर उन्हात आडव्या पसरल्या होत्या आणि मध्ये जमिनीवर बसून एका चाकाच्या तारा आवळत होते. जुन्या वाफ्यातली माठाची भाजी मुरमातून आपोआप उगवलेली होती. सोनाबाई रिमांच्या मधून वाकून ती खुडत होत्या. एका रिमेखाली माठाचे रोप दबले होते, तर रहिमानभाईंनी डाव्या हाताने ती रीम थोडी बाजूला सरकवली. सोनाबाई काही म्हणाल्या. बसच्या आवाजात ऐकू आले नाही. त्या दोघांच्या मागे तो रहाट तसाच उभा होता, बारा फळ्या रिकाम्या. त्यांनी वर पाहिले नाही. बसकडेही पाहिले नाही. त्यानंतर मी त्यांना पाहिले नाही.

आता पुतणीच्या प्रश्नाचे उत्तर. शहरातल्या मनोऱ्याला वीज आहे आणि पुढे धावणारी साखळी रोखायला यंत्राचा हात आहे. कोणा रहिमानभाईंच्या खांद्यावर ती जबाबदारी पडणार नाही. तेवढा फरक मान्य करून मी तिला एवढेच सुचवतो की, कोणत्याही चालू मनोऱ्यापाशी कामावर जाण्याच्या वेळी घड्याळ घेऊन उभे राहावे. एका मोटारीला किती वेळ लागतो ते पाहू नये. सगळे एकदम आल्यावर शेवटच्या माणसाला किती लागतो ते पाहावे. वीज गेल्यावर काय होते ते पाहावे. त्या खालच्या जागेत आधी काय होते आणि ती वाहने तिथे किती वर्षे येत राहणार आहेत, हेही विचारावे, कोणी विचारायला सांगितले नसले तरी.

मी एकच यंत्र मोजले आणि तेही एकच दिवस. एवढ्यावर कोणी निर्णय घेऊ नये. कृपया आपण स्वतः जाऊन तपासून पाहावे.